शाळूच्या पिठाचं भांडण

म्हादू,

तुला पोचवून आलो त्या दिवशी मी पखवाज खोळीत घातला आणि खोळीच्या तोंडाला गाठ मारली. बैलाच्या दाव्याला मारतात तसली. रखमा चुलीपासून बघत होती. म्हणाली, "एवढी घट्ट कशाला? पळून जाणार हाय व्हय त्यो?" तुझ्याशी भांडण चालू होतं आणि तू मध्येच उठून गेलास, त्याचा राग त्या गाठीत होता.

भांडणं दोन होती. जुनं भांडण शाळूच्या पिठाचं, ते साऱ्या कुंडलला माहीत आहे. दुसरं तू सांगलीच्या दवाखान्यात लावून दिलंस. "माझ्यामागं वैशाली गाईल. तू तिच्यासंगं बस." वैशाली म्हणजे तुझी सून. मी हो म्हणालो नाही, नको म्हणालो नाही, खिडकीबाहेर बघत बसलो. थोड्याच दिवसांत तू गेलास आणि उत्तर माझ्याकडेच राहिलं. ते आता देतो. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मी एका वाक्यात मोकळा होणारा नाही. पहिल्यापासून सांगत येईन. सारी उमर तू गायलास आणि मी ऐकलं, आता तू ऐक.

मी औंधाकडचा. यमाईच्या डोंगराखाली वाढलो, शाळा तिसरीत सुटली आणि ढोल गळ्यात आला. जत्रेत पायथ्याला वाजवला की वर देवीच्या दारात ऐकू गेला पाहिजे, एवढंच आम्हाला शिकवलेलं. सासऱ्याला मुलगा नव्हता म्हणून त्याचं रान बघायला कुंडलला आलो, आणि गावानं मला पावणं म्हणायला सुरुवात केली. माझा नातू कॉलेजात जातो, मी अजून पावणंच. तूही चारचौघांत पावणं म्हणायचास आणि अहोजाहो करायचास. बांधावर मात्र रंग्या.

तुमच्या भजनी मंडळाचा पखवाजी नोकरीला पुण्याला गेला. कुणीतरी म्हणालं, पावण्याचा हात चांगला आहे. हात चांगला होताच, आजही आहे. मारुतीच्या देवळात पहिल्या दिवशी मी असा बडवला की कोनाड्यातली पणती हलत होती. टाळकरी माझ्याबरोबर चढले. पखवाज चढला की टाळ चढतात, आणि टाळ चढले की गाणाऱ्याचा गळा त्यांच्याखाली जातो, हे मला तेव्हा कुठलं ठाऊक. मला वाटलं, रंगलंय. भजन संपलं, मी उपरण्यानं घाम पुसला आणि कोण काय म्हणतंय बघायला लागलो.

तू म्हणालास, "पावणं, शेवटचा अभंग कसा झाला?"

"फस्क्लास."

"कुठला गायलो मी?"

मला सांगता येईना. म्हणालो, "इठ्ठलाचाच की कुठलातरी."

टाळकरी माना खाली घालून हसायला लागले. तू अगदी अदबीनं म्हणालास, "आवं पावणं, शेवटचा मी गायलोच न्हाई. निस्तं व्हट हालीवलं, पयल्यापासनं शेवटापतोर. तुमास्नी कळलंबी न्हाई."

मी पखवाज तिथंच ठेवून घरी आलो. रखमाला सांगितलं, या गावात पुन्हा वाजवणार नाही. ती म्हणाली, बरं हुईल, जरा कान तरी शांत राहतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तू दारात उभा. मला वाटलं, माफी मागायला आला. तू चहा पिऊन झाल्यावर म्हणालास, "गुरवारी येताय न्हवं?"

"येत न्हाई."

"बरं. मग त्या सुताराच्या बाळूला सांगतो. हळू वाजीवतो त्यो."

"हळू वाजवायला काय अक्कल लागती?"

"लय लागती," तू म्हणालास आणि चप्पल घालून निघून गेलास.

हळू वाजवणं ही काही विद्या नाही, हे तुला दाखवायला मी गुरुवारी गेलो. ते दाखवण्यातच माझी उमर गेली.

कारण जमेना. जोर काढला की हात मेल्यासारखा पडायचा, ठेका लुळा व्हायचा, तुला पाय टेकायला जागाच राहायची नाही. जोर घातला की पुन्हा जत्रा. तू कधी 'हळू वाजव' म्हणाला नाहीस, तेवढं मी तुझं मानतो. तू म्हणालास, "मांडीवर वाजव. तुझ्याच. लागलं म्हंजे जास्त झालं." तू उसाला पाणी पाजायचास, एकेका सरीचं दारं मोडत, पाणी पुढच्या सरीत वळवत गात जायचास, आणि मी बांधावर बसून मांडीवर ठेका धरायचो. तू सरीच्या पार टोकाला गेलास की माझी बोटं आपसूक हलकी पडायची. पडली नाहीत तर तू कुठल्या शब्दावर आहेस हेच कळायचं नाही. टोकाहून परत आलास की बोटं पुन्हा भरायची. असं रोज. रखमानं एकदा माझी मांडी बघितली, लालेलाल. "मुंग्या चावल्या व्हय?" मी म्हणालो, "व्हय." तिनं बांधावर मुंग्यांची पावडर टाकून यायला गडी पाठवला. तू त्या पावडरीवरनं महिनाभर हसत होतास.

आता पिठाचं. आपल्याला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांत शहरातली पोरं असतील म्हणून सांगतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक लावावी लागते. ज्याच्या घरी भजन, त्या घरची बाई वाटीत कणकेचा गोळा आणून देते, अशी आपल्याकडची रीत. जितकी जास्त लावाल तितका आवाज खाली जातो, जड होतो, ऐकणाऱ्याच्या छातीत जाऊन बसतो. मी भरपूर लावायचो. तू वाटीकडे बघून म्हणायचास, "पावणं, दोन चपात्यांपुरती ठेवा घरात."

कवठे महांकाळच्या पुढं तुझ्या मेव्हण्याच्या विहिरीला पाणी लागलं, तेव्हाची गोष्ट. त्या कोरड्या रानात पाणी लागणं म्हणजे घरात लग्न असल्यासारखं. विहिरीच्या काठाला, लिंबाच्या सावलीत, भर दुपारी भजन ठेवलं होतं. लाईट नव्हती, म्हणून माईक नाही. लाईट नव्हती, म्हणून गिरणही बंद. तुझ्या मेव्हण्याची बायको वाटी घेऊन आली ती ओशाळूनच.

"भावजी, गव्हाचं पीठ सपलंय. ह्ये शाळूचं हाय, भाकरीचं. न्हाईतर पल्याडच्या वस्तीवरनं आणायला लावते, थांबा."

माणसं बसलेली. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. मी म्हणालो, "कशाला? पीठ कसलंबी असू द्या. हात माझा हाय."

तू वळून माझ्याकडे बघितलंस. ते वाक्य तू तिथंच उचलून ठेवलंस, मला कळलं.

ज्वारीच्या पिठाला चिकटा नसतो. सारा जन्म भाकरी खाल्लेल्या माणसाला हे दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या अभंगाला गोळ्याला भेगा पडल्या. तिसऱ्याच्या मध्यावर तो सुटला आणि माझ्या धोतरात येऊन पडला. डावीकडून रिकामा डबा वाजावा तसा आवाज निघाला. थांबावं तर तू डोळे मिटून वर चढलेला. मी डावा तळवा सपाट दाबून धरला, उजव्या बोटांच्या नुसत्या पेरांनी ठेका चालू ठेवला, बांधावर मांडीवर ठेवायचो तसा. टाळकऱ्यांना वाटलं, पावण्याला काहीतरी झालं, ते पण दबकले.

आणि मला तुझं गाणं ऐकू आलं. भजनात इतकी वर्षं शेजारी बसून पहिल्यांदा. तू ओळीतल्या शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबतोस, श्वासही घेत नाहीस, नुसता थांबतोस, आणि मग तो शब्द खाली ठेवतोस. त्या थांब्यात मी दरवेळी दोन थापा कोंबत आलो होतो. मला ती रिकामी जागा वाटायची, म्हणून भरायचो. त्या दुपारी भरायला माझ्याकडे काही नव्हतं. तू थांबलास, सगळं रान थांबलं, आणि शब्द खाली आला.

भजन झाल्यावर एक म्हातारी तुझ्या पायाशी येऊन बसली. "आज शबूद कळलं, बाबा. दर वक्ताला निस्ता दणका ऐकून जात हुतो." माणसं तुझ्याभोवती गोळा झाली. माझ्याकडे कुणी आलं नाही. मी धोतर झटकत उभा होतो.

परतीला टेम्पोच्या हौद्यात सगळ्यांदेखत तू म्हणालास, "आज वाजीवलंस, रंग्या." मंडळींसमोर पावणं सोडून रंग्या, पहिल्यांदा.

मी म्हणालो, "मी कुठलं? शाळूच्या पिठानं वाजीवलं. पडलं म्हणून झालं."

"हातानं झालं."

"पिठानं."

"पीठ कसलंबी असू द्या, हात माझा हाय, असं कोण म्हणालं रं?"

टेम्पो हसून हसून हलायला लागला. तिथून जे भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. कुणाच्या घरी वाटी आली की टाळकरी विचारायचे, "वैनी, शाळूचं का गव्हाचं? पावण्यास्नी लागतंय ते सांगा." मी वर्षावर्षानं कणीक कमी करत आणली, पार सुपारीएवढी. तू म्हणायचास, हात शिकला. मी म्हणायचो, हात तोच आहे, पीठ कमी झालंय. आणि खरं सांगतो, ते मी चेष्टेत म्हणत नव्हतो. मला तसंच वाटायचं. तुझा गळा मोठा होता, गड्या. माझ्याकडून एखादी थाप चढली तरी तू तिच्यावरनं निघून जायचास. मग हातानं झालं की तुझ्या गळ्यानं निभावलं, हे कळणार कसं?

साताऱ्याच्या स्पर्धेचंही सांगूनच टाकतो, कारण त्यावर आपण धड बोललोच नाही. उत्कृष्ट पखवाजाचं बक्षीस वाईकडच्या एका पोराला मिळालं. पोरगा द्रुत चांगला वाजवायचा, त्याच्या बोटांकडे बघत लोक उभे राहिले. आपल्या मंडळाला गायनाचं पहिलं. एसटीत मी कराडपर्यंत फुगून बसलो होतो. तू कंदी पेढ्याचा पुडा माझ्या मांडीवर ठेवलास आणि म्हणालास, "तुला बक्षीस मिळालं असतं तर मी दुसरा पखवाजी बघितला असता." सगळ्यांना ते लय आवडलं. मलाही आवडलं. पण मला ते बक्षीस पाहिजे होतं, म्हादू. अजूनही पाहिजे. हे तुला तोंडावर सांगायचं राहिलं, आता सांगितलं.

तुझं मी काय देणं लागतो ते मात्र मला नीट माहीत आहे. तू मला नुसतं वाजवायला शिकवलं नाहीस. माणूस बोलता बोलता थांबला तर पूर्वी मी लगेच माझं घुसडायचो. आता थांबतो. धाकट्या लेकीला सासरी काय त्रास होता, तो तिनं मला सांगितला, आईला नाही. बोलताना ती मध्येच गप्प झाली, बराच वेळ. मी काही बोललो नाही, आणि मग तिनं ते सांगितलं. ती जागा मी बोलून भरली असती तर ते तिच्या पोटातच राहिलं असतं. तेव्हा तुझीच आठवण आली होती. तुला हे सांगितलं नाही कारण तू लगेच म्हणाला असतास, "हातानं झालं." रखमाचं मत वेगळं आहे. ती म्हणते, "हाताचा आवाज कमी झाला, तोंडाचा कवा हुणार?"

दवाखान्यातली ती दुपार. तुझा आवाज गेलेला. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलेलं. तू डोळे मिटून पडला होतास आणि ओठ हलत होते. वैशाली चहा घेऊन आली, तिला वाटलं तुला पाणी पाहिजे. तिनं चमचा तोंडाशी नेला. मी म्हणालो, "पाणी नको त्याला. दुसरं कडवं चाललंय." तू डोळे न उघडता हसलास. माझं बोट कॉटच्या दांडीवर चालू होतं, किती वेळ चालू होतं मलाही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तू नुसते ओठ हलवलेस आणि मला पत्ता लागला नाही. शेवटी नुसत्या ओठांवरून मला शब्द कळत होता. एवढंच शिकलो मी तुझ्याकडे. हे कमी असेल तर असू दे.

मग तू डोळे उघडून, घोगऱ्या आवाजात ते वैशालीचं सांगितलंस. आणि मी खिडकीबाहेर बघितलं.

का ते सांगतो. गर्व होता हे खरं. म्हादूबुवाच्या मागं वाजवणारा हात मी सुनांच्या भजनाला नेऊ का, असं वाटलं. पण भीती त्याहून मोठी होती. पोरीचा आवाज बारीक आहे. गोड आहे, सरळ आहे, पण बारीक. बायकांच्या भजनात मी ऐकलाय, टाळांच्या खाली बुडतो. माझ्या हातानं तो बुडाला असता तर लोकांनी माझ्या हाताला नाव ठेवलं नसतं. म्हणाले असते, बुवाच्या सुनेला झेपलं नाही. आणि तिनं पुन्हा चारचौघांत तोंड उघडलं नसतं. तुझ्या गळ्यानं इतकी वर्षं मला सांभाळलं, तिचा मला सांभाळणार नव्हता.

तेराव्याच्या आदल्या दिवशी ती आमच्या दारात आली. बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "काका, उद्या मी गाणार हाय. तुमी आला तर तुमच्यासंगं. न्हाई आला तर निस्त्या पेटीवर."

"पखवाजाबिगर भजन? कुंडलात?"

"मग या की."

डोळे अगदी तुझ्यासारखे रोखून बघत होती, आणि ती तर तुझ्या रक्ताची पण नाही. ती गेल्यावर मी खोळ काढली. गाठ सुटेना. रखमानं विळी पुढं केली. म्हणाली, "बैलाची गाठ हाय, बैलच सोडवंल म्हणून बसला व्हता का?" गाठ कापली.

तुझ्या अंगणात माणूस मावत नव्हतं. तुझ्या कारभारणीनं, पारूवैनींनी, वाटी आणून माझ्यापुढं ठेवली. गव्हाची कणीक, आणि गोळा हा एवढा, पहिल्या दिवसांत मी लावायचो तेवढा. त्यांच्या हातालाही जुनीच सवय. मी सुपारीएवढी तोडून घेतली आणि वाटी सरकवली. वैनी म्हणाल्या, "आजच्या दिवशी वाटीतलं माघारी देऊ नका, भावजी. सगळी लावा."

त्या घरात, त्या दिवशी, त्या बाईला मी नाही कसं म्हणणार? सगळी लावली. थाप मारून बघितली तर आवाज असा खाली गेला की अंगणातली पोरं गप्प झाली. वैशालीनं माझ्याकडे बघितलं.

तिनं अभंग उचलला. पहिली ओळ कापरी गेली. टाळकरी आपले जुनेच, दुःखानं आणखी जोरात निघाले. मी खाली गेलो. आणखी खाली गेलो, इतका की ऐकू यावं म्हणून टाळांना खाली यावं लागलं. डावा हात मी कणकेवर नुसता ठेवत होतो, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा. बांधावर बसलोय आणि ती सरीच्या पार टोकाला आहे, असं धरून वाजवत राहिलो. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज उभा राहिला. आणि शेवटच्या शब्दाआधी ती थांबली. तुझा थांबा. कुणी शिकवला तिला? स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून आला असेल. मी ती जागा तशीच सोडली, आणि शब्द खाली आला.

संपल्यावर बायका वैशालीला धरून रडल्या, मग हसल्या. दगडूतात्या खांबाच्या मागं बसलेले, त्यांना दिसत कमी, ऐकू मात्र सगळं येतं. ते काठी टेकत आले. "पोरीचा शबूद न् शबूद कळला," म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारतात, "पावणं, तुमी आज बसला न्हाई व्हय? वाजवायला कोण हुतं?"

मी म्हणालो, "हुतं कोणतरी."

घरी यायच्या आधी पखवाजाची कणीक खरवडून काढली, गोळा केला आणि तुझ्या गाईला घातला. घालायच्या आधी बोटांत धरून ताणून बघितला. तुटला नाही. पारूवैनींनाही विचारून खात्री करून घेतली.

गव्हाचीच होती, म्हादू.